ह्यूस्टनची रविवारची खोली आणि प्राइसलाइनवरची बोली

२००९ च्या ऑक्टोबरात ह्यांच्या आजाराचं निदान झालं आणि उपचार ह्यूस्टनला घ्यायचे ठरले. आम्ही राहायचो तिथून ह्यूस्टन गाडीने पाच तास. दर तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी सातला तपासणीसाठी रक्त द्यायचं, मग डॉक्टर, मग दुपार कलेपर्यंत केमो. म्हणजे रविवारची रात्र तिथे काढणं भागच होतं. केमो झालेल्या माणसाला लगेच पाच तास गाडीत कसं बसवायचं, म्हणून सोमवारचीही. विम्यात उपचार बसत होते, मुक्काम बसत नव्हता. पहिल्या खेपेला इस्पितळाजवळच्या एका हॉटेलात दोन रात्रींचे ३४० डॉलर मोजले आणि परतीच्या वाटेवर पुढच्या खेपांचा हिशेब मनात मांडत राहिले.

प्राइसलाइन या प्रवासाच्या बुकिंगच्या अमेरिकी संकेतस्थळावर बोली लावून खोली घेता येते हे मला माझ्या भाच्याने दाखवलं. त्याने फोनवरच सांगितलं, "मावशी, भाव ते सांगत नाहीत, तू सांगायचास. फक्त हॉटेल कुठलं ते पैसे गेल्यावर कळतं." मला ते पटायला आठवडा लागला. त्यानंतर दोन वर्षं मी ही सेवा इतकी वापरली की तिच्यासाठी वेगळी वही घातली. कुठली तारीख, कुठला भाग, किती तारे, किती बोली, होकार की नकार. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि हे लिहिताना समोर उघडी आहे.

ही सोय १९९८ मध्ये सुरू झाली. आधी विमानाची तिकिटं आणि मग हॉटेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला या पद्धतीचं अमेरिकी पेटंटही मिळालं. याच कल्पनेवर किराणा आणि पेट्रोल विकायचाही एक उद्योग निघाला होता, तो २००० मध्ये बंद पडला. किराण्यात ही कल्पना चालली नाही आणि हॉटेलात चालली, याचं कारण मला माझ्यापुरतं असं समजलं: साखरेचं पोतं आज विकलं नाही तर उद्या विकता येतं. हॉटेलची आजची रात्र आज गेली की गेली. रिकाम्या खोलीचं भाडं दुसऱ्या दिवशी वसूल होत नाही. तरी हॉटेल दारावर 'आज अर्ध्या भावात' अशी पाटी लावू शकत नाही, कारण मग पूर्ण भाव देणारा माणूसही अर्धाच मागेल. नाव झाकून खोली विकली की दोन्ही साधतं. ज्याला अमुकच हॉटेल हवं आहे तो पूर्ण पैसे देतो, आणि माझ्यासारखी, जिला स्वच्छ पलंग आणि इस्पितळाची वाट एवढंच हवं आहे, ती कमी देते. हे एकदा लक्षात आलं आणि कमी किंमत सांगताना वाटणारा संकोच गेला. मी कुणाचं काही ओरबाडत नव्हते, रिकामी राहणारी खोली घेत होते.

बोलीची रीत अशी होती. शहर आणि तारखा द्यायच्या. शहराचे भाग पाडलेले असत, त्यांतला एक किंवा अनेक निवडायचे. किती ताऱ्यांचं हॉटेल चालेल ते सांगायचं; मिळणारं हॉटेल तितक्या ताऱ्यांचं किंवा त्याहून वरचं असे, खालचं नसे. मग एका रात्रीची किंमत लिहायची, कार्डाचा नंबर द्यायचा आणि अटी मान्य म्हणून आपली आद्याक्षरं टाइप करायची. होकार आला की कार्डावर पैसे तत्क्षणी लागत आणि हॉटेलचं नाव समोर येई. रद्द करणं नाही, तारीख बदलणं नाही, परतावा नाही. नकार आला तर तीच बोली रक्कम वाढवून लगेच लावता येत नसे. चोवीस तास थांबा, नाहीतर भाग, तारे किंवा तारखा यांतलं काहीतरी बदला.

या शेवटच्या नियमातच सगळं कौशल्य होतं. मला मध्यवस्तीत, म्हणजे डाउनटाउनला, चार तारे हवे असत. शहराच्या टोकाकडचे काही भाग असे होते की तिथे चार तारे असलेलं एकही हॉटेल नव्हतं. तो एकटाच भाग निवडून पाहिला की चार ताऱ्यांचा पर्याय निवडताच येत नसे, त्यावरून ते कळायचं. असा भाग आपल्या बोलीत जोडला तर बोली बदलली म्हणून लगेच पुन्हा लावता येते, पण खोली मात्र त्या भागात मिळूच शकत नाही, कारण आपण चार तारे मागितलेत. म्हणजे धोका न घेता एक जास्तीची संधी. माझ्या वहीत पहिल्या पानावर अशा चार भागांची नावं आहेत. पहिली बोली फक्त डाउनटाउनची, ४५ डॉलर. नकार. एक भाग जोडून ५०. नकार. दुसरा जोडून ५५. नकार. तिसरा जोडून ६०, आणि होकार. त्याच रात्रीचा उघडा भाव त्याच हॉटेलच्या स्वतःच्या पानावर १३९ होता. मी ह्यांना स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं, तर हे म्हणाले, "नीट बघ, आपलं शहर चुकलं नाही ना." शहर बरोबर होतं.

मी नवशिक्यांना एवढंच सांगेन की बोली लावण्याआधी अर्धा तास मोकळा ठेवा, आणि तो अर्धा तास बोली लावण्यासाठी नाही. आधी त्या भागातल्या सगळ्यांत साध्या चार-तारांकित हॉटेलचा उघडा भाव बघा. आपल्याला कुठलं मिळेल ते हातात नाही, म्हणून त्यातलं सर्वांत नावडतं मिळालं तर मी किती देईन, हा आकडा कागदावर लिहा. तो तुमचा वरचा आकडा. पडद्यासमोर बसल्यावर तो वाढवायचा नाही. मी दोनदा वाढवला. नकारामागून नकार आले की माणूस हट्टाला पेटतो, अजून पाच, अजून सात असं करत जातो, आणि शेवटी हाती येते ती खोली उघड्या भावापेक्षा जेमतेम दहा डॉलरने स्वस्त. वर परतावा नाही. दहा डॉलरसाठी रद्द करण्याचा हक्क विकू नये.

उलट बाजूही सांगते. पहिलीच बोली मान्य झाली की 'अजून कमी सांगायला हवं होतं' ही रुखरुख लागते. मला लागायची. भाचा म्हणायचा, "पहिलाच आकडा मान्य झाला तर समज जास्त सांगितलास." बाजाराच्या हिशेबाने ते खरं आहे. पण रविवारी गाडी काढायची आहे, शेजारी अशक्त माणूस आहे, आणि शुक्रवारी रात्री खोली पक्की झाली आहे, याचीही काही किंमत असते. पाच डॉलरची रुखरुख मी त्या हिशेबात घालून टाकली.

कधी कधी नकाराबरोबर पडद्यावर प्रतिप्रस्ताव यायचा: इतके डॉलर वाढवा, मग बघू. ही मला फार उपयोगी खूण वाटायची. याचा अर्थ कुठलं तरी हॉटेल हाताच्या अंतरावर आहे. तो प्रस्ताव जसाच्या तसा क्वचितच घ्यायचे मी. एक भाग जोडून त्याच्या अर्ध्याइतकी वाढ सांगून बघायचे. पाचांतून दोनदा तरी जमलं असेल.

कर विसरू नका. ह्यूस्टनमध्ये हॉटेलवर राज्याचा ६ टक्के आणि शहर, काउंटी वगैरेंचे मिळून ११ टक्के, असा १७ टक्के कर लागतो. सेवा शुल्क त्यावर वेगळं. ६० ची बोली प्रत्यक्षात पंचाहत्तरच्या आसपास जायची. आणि डाउनटाउनच्या हॉटेलात गाडी उभी करायचे रात्रीचे पंचवीसेक डॉलर हॉटेलात द्यावे लागत, ते बोलीत धरलेले नसत. म्हणून तुलना करताना मी नेहमी सगळं मिळून आकडा लिहायचे. एकदा तर शहराबाहेरचं तीन-तारांकित, गाडी फुकट उभी करता येणारं आणि सकाळची न्याहारी देणारं हॉटेल सगळा हिशेब केल्यावर स्वस्त निघालं, आणि त्या खेपेला आम्ही तिथेच राहिलो.

डाउनटाउनच का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, वहीनेच शिकवलं. तिथली हॉटेलं कचेऱ्यांच्या कामाला येणाऱ्या माणसांवर चालतात. ती माणसं सोमवारी येतात आणि गुरुवारी-शुक्रवारी जातात. रविवारची रात्र म्हणजे त्या हॉटेलांची सर्वांत ओस रात्र. आणि २००४ पासून तिथे जी रेल्वे धावते, तिची लाल मार्गिका डाउनटाउनमधून थेट टेक्सस मेडिकल सेंटरला, म्हणजे आमचं इस्पितळ ज्या भागात आहे तिथे, जाते. सकाळी साडेसहाला रेल्वेत बसायचं आणि इस्पितळाच्या दाराशी उतरायचं. सोमवारी सकाळी त्या शहरात गाडी चालवायला मला भीती वाटायची, ती या रेल्वेने घालवली. मेडिकल सेंटरच्या भागातल्या खोल्या मात्र रविवारीही फारशा उतरत नसत. तिथे माझ्यासारखेच लोक असतात, आणि आजाराला सुट्टीचा वार नसतो.

सोमवारच्या रात्रीने मला दमवलं. दोन्ही रात्रींसाठी मिळून एकच दर सांगावा लागे, आणि महागडी सोमवारची रात्र स्वस्त रविवारलाही वर ओढायची. म्हणून एकदा मी दोन वेगळ्या बोल्या लावल्या. रविवार ५२ ला मिळाला, सोमवार ७४ ला, पण दुसऱ्याच हॉटेलात. हिशेबाने मी जिंकले होते. प्रत्यक्षात केमो झाल्यावर, हे ओकारीची पिशवी हातात धरून बसलेले असताना, मला पहिल्या हॉटेलच्या सामानघरातून बॅगा काढून दुसऱ्या हॉटेलच्या रांगेत उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून वहीत मी एक रकाना वाढवला: 'हलावं लागतं का'. तसं असेल तर वीस डॉलर जास्त धरायचे. पुढे ते वीसचे चाळीस केले.

मार्च २०१० मध्ये मात्र बोली पूर्ण फसली. ह्यूस्टनला दरवर्षी मार्चच्या सुमारास तीन आठवडे गुरांचं प्रदर्शन आणि रोडिओ, म्हणजे बैल-घोड्यांवरच्या स्वारीच्या खेळांचा मेळा, भरतो, आणि तो भरतो मेडिकल सेंटरजवळच्या स्टेडियमवर. मला याचा पत्ता नव्हता. ४५ पासून सुरू केलं आणि ११० पर्यंत नकारच. चोवीस तास थांबले, पुन्हा नकार. शेवटी नर्सला फोन केला की कदाचित यावेळी वेळेवर पोचणार नाही. ती म्हणाली, "रुग्णांचा दर विचारलात का?" इस्पितळाने आसपासच्या हॉटेलांशी ठरवलेला रुग्णांसाठीचा वेगळा दर असतो, तो फोन करून मागावा लागतो, हे मला पाच महिन्यांत कुणीही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. एका हॉटेलने रोडिओच्या आठवड्यातही ९४ ला खोली दिली. आदल्या संध्याकाळपर्यंत फुकट रद्द करता येणारी, इस्पितळापर्यंत नेणाऱ्या हॉटेलच्या गाडीसकट. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

म्हणून माझं मत विचाराल तर बोली ही फार चांगली सोय होती, पण ज्याची तारीख पक्की आहे त्याच्यासाठी. आजारपणात तारीख पक्की नसते. रक्तातल्या पेशी कमी आल्या की केमो आठवडाभर पुढे जाते. आमची तीनदा गेली. त्यातल्या दोन वेळा बोलीचे पैसे बुडाले, आणि ते बुडणारच होते, नियम मी आद्याक्षरं टाकून मान्य केला होता. त्यानंतर माझी पद्धत बदलली. आधी रुग्णदराची, रद्द करता येणारी खोली घेऊन ठेवायची. शुक्रवारी स्थानिक प्रयोगशाळेतला रक्ताचा अहवाल आला आणि केमो होणार हे कळलं, की मग रविवारसाठी बोली लावायची. जमली तर पहिली खोली तिची मुदत टळण्याआधी रद्द करायची. नाही जमली तर खोली आहेच. पाठीशी खोली असली की बोली लावताना हात कापत नाही आणि वरचा आकडा पाळला जातो. ही एक गोष्ट मी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

कॅलेंडरही त्यानंतर बघायला लागले. मेच्या सुरुवातीला समुद्रातल्या तेलविहिरींच्या तंत्रज्ञानाची मोठी परिषद ह्यूस्टनला भरते, त्या आठवड्यात बोलीच्या वाटेला जायचं नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात उलट, डाउनटाउन इतकं ओस असतं की एकदा ४८ ला खोली मिळाली.

आणखी एक. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं किंवा मुलं आहेत त्यांच्यासाठी: बोलीत खोली दोन माणसांची धरलेली असते आणि पलंग एक की दोन, याची हमी नसते. असाच नाव झाकलेला सौदा घेऊन मी सासूबाईंना एका खेपेला बरोबर नेलं. हॉटेल भरलेलं होतं, एकच पलंग मिळाला, आणि पंच्याहत्तरीच्या सासूबाई ओढून आणलेल्या घडीच्या खाटेवर झोपल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला रात्रभर झोप आली नाही.

विमान तिकिटांची बोली २०१६ मध्ये बंद झाली, पुढे हॉटेलांचीही. आता उरलं आहे ते नाव झाकलेल्या ठरावीक किमतींचं दुकान: प्राइसलाइनवर एक्सप्रेस डील, हॉटवायर या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर हॉट रेट. भाव ते सांगतात, आपण घ्यायचं किंवा सोडायचं. बोलीइतकं खाली ते जात नाहीत असा माझा अनुभव आहे. पण एका बाबतीत ते बरे आहेत. भाग, तारे, आधीच्या पाहुण्यांनी दिलेले गुण आणि सोयींची यादी दिसते, आणि ती उघड्या हॉटेलांच्या यादीशी ताडून पाहिली की बहुतेक वेळा हॉटेल ओळखता येतं. पोहण्याचा तलाव आहे, न्याहारी नाही, गुण इतके, भाग हा: असं जुळवत गेलं की दोन-तीन नावं उरतात. ती तिन्ही चालणार असतील तरच घ्या. घासाघीस करण्यातली मजा गेली खरी, मला ती आवडायची हे लपवत नाही. पण आज कुणाला ही वाट सुचवताना मला पूर्वीइतकी काळजी वाटत नाही. शिवाय मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांनी सक्तीची शुल्कं धरून पूर्ण किंमत आधीच दाखवली पाहिजे असा नियम लागू झाला आहे. 'रिसॉर्ट फी' म्हणून काउंटरवर वरचे तीस-चाळीस मागणं त्यामुळे अवघड झालं. सरकारी कर मात्र अजूनही वेगळा दाखवला जाऊ शकतो, तेवढा बघून घ्या.

ह्यांची तपासणी आता वर्षातून एकदा असते. तारीख सहा महिने आधी मिळते आणि सहसा हलत नाही, त्यामुळे रविवारची रात्र मी झाकल्या नावाचीच घेते. नाव कळलं की त्याच दिवशी हॉटेलला फोन करते, दुपारी दोननंतर, सकाळची निघणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. कंपनीला नाही, थेट हॉटेलच्या काउंटरला. बुकिंगचा नंबर सांगायचा आणि काय हवं ते स्पष्ट मागायचं: औषधांसाठी फ्रीज, लिफ्टजवळची खोली, न्हाणीघरात धरायला दांडा. स्वस्तात घेतलेल्या खोलीसाठी असं मागायला मी आधी कचरायचे. आजवर एकाही हॉटेलने फ्रीजला नाही म्हटलेलं नाही.